फॅटी लिव्हरच्या उसन्या खुणा

फॅटी लिव्हरचा अंदाज घेण्यासाठी रक्तात जे काही मोजले जाते, त्यातले बरेचसे मुळात दुसऱ्याच आजारासाठी शोधलेले आहे. एसजीओटी ही तपासणी तर थेट हृदयविकारातून आली.

पेशींत अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेला जातो, हे ब्राउनस्टाइन आणि क्रिट्झमान या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये कबुतराच्या स्नायूंवर काम करून दाखवले. हे काम ट्रान्सअमिनेज विकरे करतात. त्यांपैकी एसजीओटीचे प्रमाण हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढते, असे न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन यांना १९५४ मध्ये आढळले. पेशीला इजा झाली की आतले विकर रक्तात झिरपते, एवढेच त्यामागचे तत्त्व. पण एसजीओटी यकृतातही भरपूर असते, त्यामुळे काविळीतही आकडा चढे. यकृताशी अधिक निगडित असलेले एसजीपीटी लगेच मागोमाग आले. इटलीत दे रितिस यांनी त्याच सुमारास काविळीच्या रुग्णांत दोन्ही विकरे मोजली. त्यांच्या गुणोत्तराला आजही दे रितिस यांचे नाव आहे.

दारू न पिणाऱ्या २० रुग्णांच्या यकृतात दारुड्याच्या यकृतासारखीच चरबी आणि सूज दिसल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी १९८० मध्ये नोंदवले आणि त्या विकाराला ‘नॅश’ हे नाव दिले. हे निदान सूक्ष्मदर्शकाखालचे होते. बायोप्सीच्या सुईत यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग येतो, आणि ती सुई सगळ्यांना टोचणे शक्य नाही. एसजीपीटीवर भिस्त ठेवावी, तर फॅटी लिव्हर असलेल्या अनेकांत ते नॉर्मलच येते, कधी यकृतात व्रणतंतू साचले असतानाही. ‘एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठणठणीत’ हा समज म्हणूनच घातक.

रुग्णाचे पुढे काय होणार, हे चरबीपेक्षा या तंतूंवर, म्हणजे फायब्रोसिसवर, जास्त ठरते. त्याचा माग घेणारे ‘फिब-४’ हे सूत्र २००६ मध्ये आले, तेही एचआयव्ही आणि हेपटायटिस सी एकत्र झालेल्या रुग्णांसाठी. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, या संख्येने भागायचे. वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट अडीच लाख (सूत्रात २५०) असतील, तर उत्तर १ येते. बाकी सारे तेच राहून प्लेटलेट १ लाख २० हजारांवर आल्या, तर तेच उत्तर २.०८ होते. यकृत कडक झाले की प्लीहा फुगते, तिच्यात प्लेटलेट अडकतात, म्हणून हा आकडा सूत्रात आहे. फॅटी लिव्हरमध्ये १.३ च्या खाली मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर जास्त. मधल्यांना फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करावी लागते. वय सूत्रातच असल्याने पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. सूत्राला वेगळे यंत्र लागत नाही, नेहमीच्या रिपोर्टवर ते भागते. त्याच्या प्रसाराचे मोठे कारण हेच.

तंतू घडण्या-विरघळण्याशी थेट संबंध असलेले तीन पदार्थ मोजणारी ‘ईएलएफ’ चाचणी मात्र वेगळ्या जातीची आहे. हायल्युरोनिक आम्ल, कोलॅजन तयार होताना सुटणारा एक तुकडा आणि तंतू विरघळू न देणारे टिंप-१ हे ते तीन. नॅशमुळे फायब्रोसिस बराच वाढलेल्या रुग्णांत आजार पुढे सरकण्याचा धोका जोखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तिला परवानगी दिली. यकृतात चरबी किती, हे मात्र तीही सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआयच लागतो.