‘करविणे’ : एका क्रियापदाची साक्ष

सिल्वासा येथे मराठी आणि गुजराती शेजारी नांदतात. त्यामुळे ‘करविणे’ व ‘करवुं’ यांविषयीचा विद्यार्थ्यांचा घोटाळा आमच्या नित्य परिचयाचा आहे. गुजराती ‘करवुं’ म्हणजे केवळ करणे. मराठी ‘करविणे’ म्हणजे दुसऱ्याकडून करून घेणे. संस्कृत ‘कृ’ धातू दोहोंचा पूर्वज खरा; परंतु गुजरातीतील ‘व’ हा ‘कर्तव्य’ या रूपातून आला, तर मराठीतील ‘व’ प्राकृत प्रयोजकाचा होय.

मराठीतील हा प्रयोजक किती जुना आहे, याची साक्ष श्रवणबेळगोळ येथे मिळते. दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या, सुमारे 57 फूट उंचीच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’ अशी वाक्ये कोरलेली आहेत. सुत्ताले म्हणजे सभोवारचे आवार. गंगराज हा बाराव्या शतकातील होयसळ सेनापती. त्यामुळे निदान दुसरे वाक्य त्याच्या काळाआधीचे असू शकत नाही.

येथे ‘केले’ असे लिहिलेले नाही, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. चावुंडराजाने मूर्ती करविली. ती घडविली पाथरवटांनी. त्यांची नावे या वाक्यांत नाहीत, पण क्रियापदाने त्यांचे अस्तित्व मान्य केले आहे. म्हणूनच प्रयोजक क्रियापद शिकविताना आम्ही प्रथम हेच वाक्य फळ्यावर लिहितो.