ढालीवरची वंशावळ आणि कोतवाल बुकातली

आपल्यापैकी बहुतेकांनी वंशावळ आयुष्यात एकदाच काढलेली असते, जात पडताळणीसाठी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा, म्हणून शिरूर नाहीतर दौंडच्या तहसीलला खेटे घालायचे आणि कोतवाल बुकात आजा-पणजाचे नाव शोधायचे. नावापुढे जात दिसली की सुटलो.

इंग्लंडातले खानदानी लोक पूर्वज शोधतात ते घराण्याच्या ढालीवरून. चर्चमधल्या थडग्यावर किंवा चांदीच्या ताटावर कोरलेली ढाल सापडली की तिच्या आधाराने मागे मागे जायचे. चिन्ह बापाकडून मुलाकडे जाते. बाप जिवंत असेपर्यंत थोरला मुलगा त्यावर एक पट्टी वाढवतो. बायकोच्या माहेरची ढाल शेजारी काढतात, त्यामुळे सोयरीकही वाचता येते. याचे दप्तर लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये, १४८४ पासून. १५३० ते १६८८ या काळात तिथले अधिकारी गावोगाव फिरून खरा ‘जंटलमन’ कोण ते तपासत. ज्याचा दावा टिकला नाही त्याची जाहीर नाचक्की होई. म्हणजे पडताळणी त्यांच्याकडेही होतीच. फक्त ती वरचे असल्याची!

आणि हे ‘वरचेपण’ पैसे मोजून मिळत असे. शेक्सपिअरचा बाप हातमोजे शिवणारा, चामड्याचे काम करणारा. १५९६ मध्ये त्याला ढाल मिळाली आणि कुटुंब खानदानी झाले. आपल्याकडे चामड्याला हात लावणाऱ्याला काय मिळाले हे सांगायला नको. इथे तर तलवारीने राज्य कमावलेल्या शिवरायांनाही १६७४ च्या राज्याभिषेकासाठी सिसोदिया वंशावळ दाखवावी लागली.

आता भीमेकाठी या. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. विजयस्तंभावर त्या पलटणीतल्या मृतांची जी नावे आहेत, त्यांत २२ नावे ‘नाक’वाली. रामनाक येसनाक. मुलगा आणि बाप, दोन पिढ्या दगडात. ना आडनाव, ना गाव. नुसत्या स्तंभावरून शिरूर-दौंडचा कोणीही ‘हा माझाच खापरपणजोबा’ म्हणू शकत नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, तेव्हा त्यांनीही तो एका घराण्याचा केला नाही.

ती पलटण पुढे ग्रेनेडियर्समध्ये गेली. त्या रेजिमेंटच्या चिन्हावर आजही इंग्लंडच्या हॅनोव्हर राजघराण्याचा पांढरा घोडा आहे. १९४१ च्या महार रेजिमेंटच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. तो जाऊन तिथे खंजीर आला. परक्या राजाचा घोडा वारसा म्हणून चालतो आणि आपला स्तंभ तेवढा काढला जातो, याचे उत्तर ‘राष्ट्रवाद’ शिकवणाऱ्यांकडे मागा.

तोवर एक काम करा. १९५८ च्या कायद्याने महारवतने संपली, पण वतनी जमिनींचे जुने फेरफार आणि वारसनोंदी आहेत. पडताळणीची नक्कल काढायला जाल तेव्हा तेही मागा. त्यात पणजीचे नाव लागते का ते मुद्दाम बघा. ढालीवर निदान बाईचे माहेर तरी दिसते.