खलाशाची त्वचा ते ॲक्टिनिक केराटोसिस : एका नावाचा इतिहास

उन्हामुळे त्वचेवर उठणारे खरखरीत चट्टे ही कर्करोगाची पूर्वावस्था मानली जाते. वैद्यकात त्यांना आज ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. या विकाराची नावे बदलत गेली, तशी धोका कोणाला याविषयीची समजही बदलली.

१८९४ मध्ये हॅम्बुर्गचे पॉल गेर्सन उन्ना यांनी ‘खलाशाची त्वचा’ या नावाने उन्हावाऱ्यात वर्षे काढलेल्या चेहऱ्याचे व हातांचे वर्णन केले. पुढे बोर्दो येथील द्युब्रय यांना द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांमध्ये असेच आढळले. दोघांच्याही नोंदींत रोगाचे मूळ कष्टाच्या कामात होते. १९२६ मध्ये फ्रॉइडेन्थाल यांनी मात्र ‘केराटोमा सेनाइल’ म्हणजे वार्धक्यातील गाठ हे नाव दिले आणि दोष उन्हाकडून वयाकडे सरकला. १९२८ मध्ये फिंडले यांनी अतिनील किरणांनी उंदरांत कर्करोग निर्माण करून दाखविला. १९५८ मध्ये पिंकस यांनी ‘ॲक्टिनिक’ म्हणजे किरणजन्य हे विशेषण वापरले आणि कारण पुन्हा नावात आले.

एखाद्या चट्ट्याचे वर्षभरात कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असल्याचे १९८८ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले. गोरी त्वचा, दीर्घकाळ ऊन, वाढते वय आणि अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे धोका वाढतो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन संरक्षण देते. म्हणून आपल्याकडे हा विकार विरळा. परंतु ‘आपल्याला हे होत नाही’ या समजुतीत दोन प्रकारची मुले दुर्लक्षित राहतात.

पहिली, अल्बिनिझम असलेली. त्यांना अनेकदा चुकून कोड झालेले समजतात. दुसरी, झेरोडर्मा पिगमेंटोझम असलेली. हेब्रा व कापोसी यांच्या १८७४ च्या ग्रंथात वर्णिलेल्या या विकारात अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त होत नाही, हे क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. अशा मुलांत हे चट्टे बालपणीच दिसू लागतात. सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले तरच तो होतो. साहजिकच जवळच्या नात्यातील विवाहांत शक्यता वाढते. असे विवाह आपल्या समाजात आहेत, तसेच दख्खनमधील अनेक हिंदू जातींतही आहेत. म्हणून हा प्रश्न लाजेचा नसून माहितीचा आहे.

मैदानावरील कवायतीतून अशा विद्यार्थ्याला सूट, पूर्ण बाह्या व टोपीची परवानगी, आणि बरी न होणारी खपली दिसताच त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविणे, एवढे शिक्षकाच्या हाती निश्चित आहे.