पोरांनी भरवलेली सभा

विहाराच्या वर्धापनदिनाच्या अंकात काही इतिहासाचं लिहा, असं कार्यकारिणीने सांगितलं, तेव्हा आम्ही दोन दिवस विचार केला. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर बसावं लागलं, ही हकीकत आपल्या घराघरांत पोरासोरांना पाठ आहे. ती आम्ही पुन्हा सांगत नाही. आम्ही सांगणार आहोत ती हकीकत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली, फार्मव्हिल नावाच्या लहानशा गावातली. आम्ही साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं, कॉलेज आम्ही बाहेरूनच पाहिलं. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. पण ही हकीकत वाचून आमचीच मान खाली गेली. का, ते शेवटी सांगू.

तो देश आपल्याला अगदीच परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्या लोकांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांचाही तसा अर्ज करण्याचा विचार चालला होता. डुबॉइस यांनी उत्तरही पाठवलं. हे डुबॉइस त्या वेळी एन.ए.ए.सी.पी. या संघटनेत काम करत होते. त्याच संघटनेचे वकील पुढे या हकीकतीत येतात.

आता फार्मव्हिलकडे वळू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली असा निकाल दिला होता की गोऱ्यांची सोय वेगळी आणि काळ्यांची वेगळी असली तरी चालेल, फक्त दोन्ही सारख्या असाव्यात. यातलं ‘वेगळं’ तेवढं दक्षिणेकडच्या राज्यांनी काटेकोर पाळलं. ‘सारखं’ मात्र कागदावरच राहिलं. फार्मव्हिलमध्ये काळ्या मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं. १९३९ साली बांधलं तेव्हा ते १८० मुलांच्या सोयीचं होतं. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं झाली. मग काय केलं? आवारात लाकडाचे सांगाडे उभारून वरून डांबरी कागद ठोकला आणि त्या शेडमध्ये वर्ग भरवले. पाऊस आला की आत गळायचं. थंडीत शेगडीजवळचं पोर भाजायचं आणि कोपऱ्यातलं पोर अंगात कोट घालून कुडकुडायचं. शाळेत व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही, विज्ञानाची प्रयोगशाळा नाही. गोऱ्या मुलांच्या हायस्कुलात हे सगळं होतं. मुख्याध्यापक बॉइड जोन्स आणि चर्चचे रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांनी पालकांना घेऊन शाळा-मंडळाकडे खेटे घातले. दर वेळी एकच उत्तर, बघू, करू. हे उत्तर आपल्याही चांगल्या ओळखीचं आहे.

त्या शाळेत अकरावीत बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. शेतकऱ्याची पोर, धाकट्या भावंडांचं घरात तीच बघायची. एकदा तिची बस चुकली. ती रस्त्यावर उभी असताना गोऱ्या मुलांची बस अर्धी रिकामी तिच्यासमोरून निघून गेली. शाळेच्या दशेबद्दल तिने संगीताच्या बाईंकडे तक्रार केली, तेव्हा बाईंनी उलट तिलाच विचारलं, मग तूच काही का करत नाहीस? पोरीला आधी राग आला. मग तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिने विश्वासातली चार-सहा मुलं जमवली. सहा महिने गुपचूप बैठका झाल्या, पण मोठ्या माणसांना पत्ता लागू दिला नाही.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना फोन आला की तुमची मुलं गावात पोलिसांच्या लफड्यात अडकली आहेत, लवकर या. फोन पोरांनीच करवला होता. जोन्स बाहेर पडताच त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात फिरल्या, सगळ्यांनी सभागृहात जमावं. पडदा सरकला तर व्यासपीठावर मुख्याध्यापक नाहीत, बार्बरा उभी! तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली, गलबला झाला तेव्हा पायातला बूट काढून बाकावर आपटला, आणि बोलली. जे सगळ्यांना रोज दिसत होतं तेच तिने मोठ्याने सांगितलं. चांगली शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचं नाही. साडेचारशे मुलं तिच्यामागे उठली.

गिरणीत संप पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. संपाचा पहिला दिवस सोपा असतो, पण पंधरावा दिवस माणसाला जोखतो. या पोरांनी पहिल्याच दिवशी एन.ए.ए.सी.पी.च्या वकिलांना पत्र धाडलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन दोनच दिवसांत आले. खरं तर पोरांना परत वर्गात पाठवावं, असं त्यांच्या मनात होतं, पण मुलांचा निर्धार पाहून ते विरघळले. मात्र अट घातली, की नुसती चांगली वेगळी शाळा मागायची नाही, वेगळेपणच मोडायला मागायचं, आणि आईबाप पाठीशी हवेत. ३ मे रोजी चर्चमध्ये मोठी सभा झाली. एका जुन्या मुख्याध्यापकांनी शंका काढली, तेव्हा हीच पोर उठली आणि कोणाच्या बोलण्याने मागे फिरू नका, म्हणाली. आईबाप पाठीशी राहिले. ७ मे रोजी मुलं वर्गात परतली आणि २३ मे रोजी खटला दाखल झाला. ११७ विद्यार्थ्यांची नावं होती. पहिलं नाव चौदा वर्षांच्या डोरोथी डेव्हिसचं, म्हणून तो डेव्हिस खटला.

याची किंमत पडली. मुख्याध्यापक जोन्स यांची नोकरी गेली. बार्बराच्या जिवाला धोका म्हणून आईबापांनी तिला अलाबामातल्या माँटगोमेरीला चुलत्याकडे, पाद्री व्हर्नन जॉन्स यांच्याकडे धाडलं. खालच्या न्यायालयात मुलं हरली. मग सर्वोच्च न्यायालयाने असे पाच खटले एकत्र ऐकले. त्यांत विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला हा एकटाच. १७ मे १९५४ रोजी निकाल लागला, शाळांमधलं वेगळेपण घटनाबाह्य आहे. तोच ब्राउन खटल्याचा जगप्रसिद्ध निकाल.

पुष्कळ पुस्तकं इथे थांबतात. आम्हाला वाटतं, खरी हकीकत इथून पुढे आहे.

निकाल मानावा लागेल म्हटल्यावर त्या परगण्याच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी काय करावं? १९५९ साली त्यांनी सार्वजनिक शाळांना पैसाच द्यायचा नाही असं ठरवलं आणि सगळ्या शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली, तिला अनुदानाचा आणि करसवलतीचा टेकू दिला. काळी मुलं, सुमारे १,७००, रस्त्यावर आली. थोड्या गरीब गोऱ्या मुलांचीही शाळा त्यात सुटली. काही मुलांना नातेवाइकांकडे धाडलं, काहींना क्वेकर पंथाच्या लोकांनी दुसऱ्या राज्यांत घरं मिळवून दिली, काही चर्चच्या तळघरात चार अक्षरं गिरवत राहिली. उरलेली शेतात गेली. १९६३ च्या सप्टेंबरात तात्पुरत्या मोफत शाळा उघडल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा शाळा बंद ठेवता येणार नाहीत, आणि त्या वर्षी सार्वजनिक शाळा पुन्हा सुरू झाल्या. तोवर पाच वर्षं गेली होती.

पाच वर्षं! सात वर्षांचं पोर बारा वर्षांचं होतं. पहिलीचं पुस्तक हातात घेऊन त्याने कोणत्या बाकावर बसावं? न्यायालयाने कुलूप काढलं, पण गेलेली वर्षं परत कोण देणार? पुष्कळ मुलं पुन्हा शाळेत गेलीच नाहीत.

इथे दोन तऱ्हेचे न्याय दिसतात. एक न्याय म्हणतो, चूक बंद करा. दुसरा विचारतो, ज्याचं नुकसान झालं त्याला आता काय लागेल आणि ते भरून कोण देईल? हा दुसरा न्याय फार्मव्हिलला फार उशिरा पोचला. २००३ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळा बंद केल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला, आणि त्या वर्षी जूनमध्ये तेव्हाच्या मुलांना, म्हणजे एव्हाना केस पांढरे झालेल्या माणसांना, सन्मानाने शाळेची पदवी देण्यात आली. २००४ साली त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. दहा लाख डॉलर राज्याने घातले, दहा लाख जॉन क्लूगी या धनिकाने दिले. शाळेची परीक्षा द्यायची असो की कॉलेज, वयाची अडचण नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं वही घेऊन बसली. २००८ साली परगण्याच्या कारभाऱ्यांनीही झाल्या गोष्टीबद्दल दुःख व्यक्त केलं. मोटन शाळेच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. बार्बरा ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली वारली. हे पाहायला ती नव्हती.

हे पुरेसं होतं का? आमचं मत, नाही. पदवीचा कागद बालपण परत देत नाही. पण नुकसान झालं हे ज्यांनी केलं त्यांच्याच गादीवरून कबूल होणं आणि त्यापोटी खिशातून पैसा निघणं, याला मोल आहे. नुसत्या खेदाने कोणाची फी भरली जात नाही.

आता आमची मान का खाली गेली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतली एक मुलगी विहारात आली होती. तिच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या मुलांना भर वर्गात उभं करून नावं पुकारत, बाकीची पोरं हसत. ती म्हणाली, काका, आम्ही आठ जणी आहोत, आम्हाला मुख्याध्यापकांना भेटायचंय, तुम्ही नुसते बरोबर या. आम्ही काय बोललो? बाई, शिकून घे, भांडणात पडू नकोस. आयुष्यभर गेटसभेत गळा फाडणारे आम्ही, पोरीला गप्प बसवून घरी पाठवलं. पुढच्या वर्षी तिने शाळा सोडली. त्या पोरीची वर्षं कुठल्या हिशेबात धरायची? त्यात आमचाही वाटा आहे, हे आम्ही इथे छापून कबूल करतो.

म्हणून आईबापांना आमची विनंती. विहाराच्या अभ्यासिकेत महिन्यातून एक संध्याकाळ पोरांची सभा होऊ द्या. बोलतील पोरं, खुर्चीवर बसतील पोरं. आपण मागच्या रांगेत बसून ऐकायचं, आणि ती म्हणतील तिथे त्यांच्याबरोबर चालत जायचं. फार्मव्हिलच्या आईबापांनी एवढंच केलं होतं. पहिल्या सभेच्या सतरंज्या आम्ही अंथरू.

जयभीम!