डळमळलं की डळमळवलं?

तिपाई डगमगते, भाव अस्थिर होतात. मराठीत अशी वाक्यं करणाऱ्याचं नाव न घेता चालतात. ‘अस्थिरीकरण’ म्हटलं की मात्र ते कोणी केलं, हे विचारावं लागतं. अनुवाद करताना मी इथेच अडते.

बंगळुरू, एप्रिल १९८९. जनता दलाच्या सरकारचा पाठिंबा काढल्याची १९ आमदारांची पत्रं राज्यपालांकडे पोचली. लगेच त्यांतल्या सातांनी आपण सरकारसोबतच असल्याचं कळवलं. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई विधानसभेत बहुमत सिद्ध करायला तयार होते. तरी राज्यपालांनी सरकार अल्पमतात असल्याचा अहवाल दिला आणि २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवट आली. सरकार डळमळलं होतं की डळमळवलं गेलं? (सरकारी कागदांना पहिलं क्रियापद सोयीचं.)

बहुमत सभागृहातच मोजायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ रोजी सांगितलं. तोवर कर्नाटकात नवी विधानसभा येऊन चार वर्षं उलटली होती.