चिमूटभर रंजक

दिवाळीच्या दिवसांत घाटकोपर-मुलुंडकडच्या चाळींच्या जिन्यावर पत्र्याचे पिस्तूल घेतलेली मुले बसलेली असतात. शेजारी केपांची डबी. लाल कागदाची एक टिकली काढायची, पिस्तुलाच्या घोड्याखाली ठेवायची आणि चाप ओढायचा. कधी ‘फट्ट’ होते, कधी नुसताच टक् असा आवाज येतो. दुसऱ्या वेळी पोरगा टिकली बोटाने नीट चेपून बसवतो, आणि मग बार हमखास उडतो. त्या पोराला कळत नसते, पण बंदुकीच्या पाचशे वर्षांच्या इतिहासातला सगळ्यात अवघड प्रश्न त्याने त्या घटकेला सोडवलेला असतो.

प्रश्न असा : दारू भरणे सोपे, गोळी ठासणे सोपे, पण नेमक्या क्षणी त्या दारूला ठिणगी कोणी द्यायची आणि कशी?

आपल्या जुन्या भाषेत या ठिणगीच्या दारूला ‘रंजक’ म्हणत. शाळेत मुलांना ‘रंजक गोष्टी’ सांगणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हा शब्द बखरीत प्रथम भेटला, तेव्हा घोटाळ्यात पडायला झाले होते. तोफेच्या कानात बारीक दारूची चिमूट घालायची, ती रंजक; तिला बत्ती दिली की आतला मोठा बार पेटतो. जामगीच्या बंदुकीतही तोच प्रकार. पेटती वात घोड्यात धरलेली, बाजूच्या बशीत रंजक. पावसाची सर आली की वात विझे आणि रंजक भिजे. पुढे गारगोटीची, म्हणजे चापाची बंदूक आली. वात गेली, परंतु रंजकेची बशी बाहेरच राहिली. कोकणातल्या पावसाळ्यात त्या बंदुकीवर विसंबणारा माणूस धाडसी म्हणायचा, की नुसताच भाबडा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या अडचणीतून वाट काढली ती स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोर्साइथ हे त्याचे नाव. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद. बशीतली रंजक भकदिशी पेटे, तो उजेड पाहून पाखरू गोळी पोहोचण्याआधीच उडे. १८०० साली हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने पाऱ्यापासून केलेल्या एका स्फोटक क्षाराची माहिती प्रसिद्ध केली होती. त्याला विस्तव लागत नव्हता, नुसता आघात पुरे होता. आघाताने पेटणाऱ्या अशा द्रव्यांचा उपयोग करून फोर्साइथने १८०७ मध्ये पेटंट मिळवले. थोड्याच वर्षांत तांब्याच्या इवल्याशा टोपीत हे द्रव्य बसवण्याची युक्ती निघाली. उघड्यावरची रंजक धातूच्या टोपीत बंद झाली. हीच ‘केप’.

आता १८५७ कडे येऊ. त्या वर्षीच्या काडतुसाची चरबी सर्वांना पाठ आहे. त्या काडतुसात केप नव्हती, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. एनफिल्डचे काडतूस म्हणजे कागदाची पुडी : आत दारू आणि गोळी. शिपायाने पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, आणि मग कमरेच्या लहानशा चामडी पिशवीतून केप काढून बंदुकीच्या बोंडीवर चढवायची. घाईत बोटातून निसटू नये म्हणून लष्करी केपेला चार पाकळ्यांची कड ठेवलेली असे. म्हणजे शेवटची किल्ली शिपायाच्याच बोटांत होती. दात त्याचा, बोट त्याचे, चापही त्याचाच.

मुंबईत त्या साली उठाव झाला नाही. पण दिवाळीच्याच दिवसांत होण्याच्या बेतात होता, असे पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटचे म्हणणे. वेषांतर करून, सोनापूरकडच्या एका घराच्या भिंतीआडून त्याने शिपायांच्या मसलती ऐकल्या. ऑक्टोबर १८५७ मध्ये सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. आज तिथे आझाद मैदान आहे. लोकल गाठण्यासाठी आपण रोज त्याच्या कडेने धावत असतो.

यानंतर दहा-बारा वर्षांत दोन गोष्टी जवळजवळ हातात हात घालून घडल्या. पहिली गोष्ट यंत्राची. १८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी केप काडतुसाच्या बुडातच बसवली. केप, दारू, गोळी, सारे एका नळीत. बॉक्सरच्या पद्धतीत केपेतले स्फोटक ज्यावर आपटते ती चिमुकली ऐरण केपेच्याच पोटात असते आणि काडतुसाच्या बुडाला मधोमध एकच भोक. बर्डनच्या पद्धतीत ऐरण काडतुसाच्या बुडात आणि तिच्या बाजूला दोन बारीक भोके. दैवाचा खेळ असा, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरची वापरलेली केप मधल्या भोकातून सुई घालून सहज काढता येते. बर्डनची काढणे म्हणजे फणसातली आठळी हाताला चीक न लागू देता काढण्यासारखे. रिकामे काडतूस पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत घरोघरी वाढला, त्याचे एक कारण या एका भोकात आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जिथे पेशवाईचे दैव फिरले, तीच ही खडकी. जी केप शिपाई आपल्या बोटांनी चढवीत होता, ती आता कारखान्यातला कामगार बाकावरच्या यंत्राने बसवू लागणार होता. शिपायाच्या हाती यायचे ते तयार, मोजून दिलेले काडतूस. सरकारने हे शिपायावरच्या अविश्वासापोटी केले असे मी म्हणणार नाही. नवी बंदूक सगळ्या जगाने घेतली. परंतु अविश्वास होता, आणि तो दुसऱ्या वाटेने दिसत होता. १८८० च्या जुलैत अफगाणिस्तानातल्या मैवंदला गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या. शेजारी उभ्या असलेल्या मुंबईच्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्स रायफल्सकडे मागच्या पिढीच्या स्नायडर. मरण एकच, बंदुका दोन. त्याआधी दोनच वर्षे, १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा झाला होता आणि गावोगावच्या बंदुका परवान्याच्या कागदाला बांधल्या गेल्या होत्या.

केप बसवण्याचे कौशल्य मग दोनच ठिकाणी उरले : कारखान्याच्या बाकावर आणि साहेबाच्या बंगल्यात. जंगलखात्यातला किंवा कलेक्टरीतला साहेब शिकारीची काडतुसे पुष्कळदा स्वतः भरी. कागदी काडतुसे पावसाळ्यात फुगत, म्हणून पितळेची पसंत करी. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेले लहानसे यंत्र असे. एका दांड्याने जुनी केप निघे, दुसऱ्याने नवी बसे.

या यंत्राची पारख कशी करावी, यावर बाहेरच्या देशांतले छंदी लोक आजही तासन् तास वाद घालतात. वादाचा गाभा आपल्या गृहिणींना लगेच कळेल. हातातला चकलीचा सोऱ्या आणि पाटाला आवळलेले शेवयांचे यंत्र, यांत जो फरक तोच हातातल्या आणि बाकावरच्या केपयंत्रात. हातातल्याने पीठ सैल की घट्ट हे बोटांना कळते, पण शंभर चकल्यांनंतर मनगट भरून येते. बाकावरच्याला लांब दांडा, म्हणून श्रम कमी आणि दाब प्रत्येक वेळी सारखा. पण दांडा फार लांब असेल तर बोटांची जाण बोथट होते, आणि तिरपी बसलेली केप चिरडली जात आहे हे कळायच्या आत चिरडली जाते. म्हणून चांगले यंत्र ते, जे बाकाला हलणार नाही, काडतुसाचे बूड सरळ धरील, आणि केप तळाला टेकली हा निरोप दांड्यातून तळहातापर्यंत पोचवील.

केप किती आत बसावी, यालाही नेम आहे. ती तळाला टेकली पाहिजे आणि काडतुसाच्या बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत असली पाहिजे. बोट फिरवले की समजते. वर राहिली तर घोड्याचा पहिला आघात तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि बार फुसका जातो. जिन्यावरच्या पोराची टिकली अशीच फसते. उलट आपोआप भरणाऱ्या बंदुकीत वर आलेली केप कडी लागण्यापूर्वीच पेटू शकते, आणि मग इजा होते ती नेम धरणाऱ्यालाच. तेलकट बोटांनी केप बिघडते. भरलेल्या काडतुसाची वर राहिलेली केप कधीही ठोकून बसवू नये. काही यंत्रांत शंभर केपा एका नळीत एकावर एक रचतात. त्यातली एक पेटली तर बाकीच्या नव्व्याण्णव तिची वाट पाहत बसत नाहीत. ताटलीत सुट्या पसरलेल्या केपा त्या मानाने बऱ्या, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आपल्याकडे हे ज्ञान घरगुती झाले नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. १९५९ च्या हत्यार कायद्याने दारूगोळा तयार करण्याला परवाना लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे प्रकरणही मिटले. बोरिवलीच्या रानातला बिबट्या आता आपल्यालाच बघायला येतो. आणि मराठी नेमबाजांनी मोठे नाव कमावले ते केप नसलेल्या काडतुसावर! २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, दोघेही कोल्हापूरकडचे, दोघांचा प्रकार ५० मीटर रायफलचा. तिथे पॉइंट बावीसचे काडतूस लागते. त्याची रंजक बुडाच्या कडेच्या पोकळीतच भरलेली असते. वेगळी केप नाही, आणि एकदा उडाले की पुन्हा भरणे नाही.

पण केप बसवणारे हात आपलेच राहिले. खडकीचा कारखाना दोन महायुद्धांतून चालत आला. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा झाला. २०२१ मध्ये दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेले. सीमेवरचा जवान चाप ओढतो तेव्हा न पाहिलेल्या कोणा माणसाच्या बोटांवर तो विश्वास टाकीत असतो. ती केप केसभर वर राहिली असेल तर त्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असेल. त्या केपेतली रंजक जेमतेम चिमटीत मावेल एवढी. इतिहासात आपण किल्ले मोजतो, तलवारी मोजतो, सेनापतींची नावे पाठ करून घेतो. मीही वर्गात तेच करतो. बाकाशी बसून दिवसभर एकच दांडा खाली-वर करणाऱ्याचे नाव कोणत्याच तक्त्यात नाही.

१८५७ चा शिपाई आपली केप स्वतः चढवीत होता, आणि राज्यकर्त्यांना धास्ती वाटली ती त्या हातांची. आजच्या शिपायाला केप दिसतसुद्धा नाही. त्याचा विश्वास दुसऱ्याच्या हातांवर आहे. मधल्या काळात हत्यार किती बदलले हे सांगायला पुष्कळ पुस्तके आहेत. हा विश्वास कसा जमत गेला, हे मात्र त्या बाकापाशी बसलेल्यालाच ठाऊक.

यंदा जिन्यावरच्या पोराची टिकली फसली तर त्याला रागावू नका. ‘नीट चेपून बसव,’ एवढेच सांगा.