चिमूटभर मिठाचा इतिहास

आमच्या अंबरनाथच्या घरी खडेमीठच असायचं. ठाणे खाडीची मिठागरं फार लांब नाहीत. उल्हासनगर असो की बदलापूर, आजही कुणी ना कुणी म्हणतंच, "समुद्राचं मीठ, त्यात आयोडीन असणारच की!" पण नसतं हो. समुद्राच्या पाण्यातच ते अत्यल्प, आणि मीठ होईपर्यंत जवळजवळ काहीच उरत नाही. ते वरून घालावं लागतं.

१९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी कांगडा खोऱ्यात तेच करून पाहिलं. काही वर्षांत गलगंड स्पष्ट कमी झाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूचंही नुकसान होतं, हे ध्यानात घेऊन १९९२ मध्ये त्याचं नावही बदललं.

तरी २००० साली केंद्राने खाण्याच्या साध्या मिठावरची बंदी उठवली. ती परत यायला २००६ उजाडलं. मला ही मधली वर्षंच खटकतात. गळ्यावरची गाठ दिसते. बाळाचं जन्माआधी हरवलेलं शहाणपण कुणाला दिसणार? आणि जे दिसत नाही, त्यासाठी मोर्चा निघत नाही.

तेव्हा मंडळी, पाकिटावर 'आयोडीनयुक्त' बघूनच घ्या. आणि बरणीला झाकण लावा, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात!